परसबागेतील वृक्षलागवड (छत्रपती संभाजीनगर)

परसबागेतील वृक्षलागवड म्हणजे घराभोवतीच्या मोकळ्या जागेत फळझाडे व सावलीचे वृक्ष लावून त्यांची जोपासना करणे होय. छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) हे शहर पर्जन्यछायेच्या प्रदेशात वसलेले असून उन्हाळ्यात तेथील तापमान ४० अंश सेल्सियसच्या वर जाते. त्यामुळे तेथे अशा वृक्षांना विशेष महत्त्व आहे.

लाभ

घराच्या पश्चिमेस वाढलेला कडुनिंब दुपारनंतरचे ऊन भिंतीवर पडू देत नाही. पानांतून होणाऱ्या बाष्पोत्सर्जनाने भोवतालची हवा थंड राहते. शेवगा लवकर शेंगा देऊ लागतो, तर सीताफळ व आवळा कमी पाण्यावर तग धरून अनेक वर्षे फळे देतात. पालापाचोळ्याने मातीचा कस वाढतो आणि आळ्यांत साचलेले पावसाचे पाणी जमिनीत मुरते.

निवड व संगोपन

लागवड पावसाळ्याच्या आरंभी करतात. पहिली दोन-तीन वर्षे उन्हाळ्यात पाणी व बुंध्याशी पाचोळ्याचे आच्छादन द्यावे लागते. वड, पिंपळ यांची मुळे दूरवर पसरत असल्याने ते भिंतीलगत लावत नाहीत. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ नुसार खासगी आवारातील झाड तोडण्यासही पूर्वपरवानगी आवश्यक असते. म्हणून जात व जागा यांची निवड प्रारंभीच विचारपूर्वक करणे हिताचे ठरते.