फुलाचा खेळ सर्वांस मिळावा



शाळाभेटीच्या दिवशी खेळाचा तास आवर्जून पाहण्याचा माझा परिपाठ आहे. गेल्या हिवाळ्यात एका शाळेच्या आवारात बॅडमिंटन चालू होते. मुले एक्केचाळीस, रॅकेटी दोन आणि फूल एक. दोघे खेळत होते. उरलेली मुले भिंतीच्या सावलीत नंबर लावून बसली होती. चौथीतील एक मुलगी मात्र सारखी धावत होती. 'बाळ, तू केव्हा खेळणार?' असे विचारताच ती म्हणाली, 'साहेब, मी फूल आणून देते.' तास संपेपर्यंत तिच्या हाती रॅकेट आली नाही. तेथील गुरुजींना मी कोणत्या तोंडाने दोष द्यावा? मी शिक्षक असताना 'चुकेल तो बाद' हाच नियम लावीत असे. या नियमाने ज्यास सरावाची गरज अधिक, तोच सर्वांआधी बाहेर बसतो, हे माझ्या ध्यानी फार उशिरा आले.

नियमबद्ध खेळाचे मैदान ४४ फूट लांब व २० फूट रुंद असते आणि त्यावर फार तर चौघे खेळतात. परंतु हा खेळ आरंभी इतका बांधीव नव्हता. १९व्या शतकात पुण्याच्या छावणीतील इंग्रज अधिकारी तो खेळत. त्यावरून त्यास 'पूना' असेही म्हणत. त्या काळी एका बाजूस तीन-चार गडीही असत. तेव्हा शाळेने आपल्या सोयीने त्यात फेरफार केल्यास खेळाचा अवमान होतो, असे मानू नये.

दोनच रॅकेटी असतील तर पुढील प्रकार मला सर्वोत्तम वाटतो. दोरीच्या दोन्ही बाजूंस आठ-दहा मुलांची एकेक रांग उभी करावी व प्रत्येक रांगेत एक रॅकेट द्यावी. पहिल्याने फूल दोरीपलीकडे मारावे, रॅकेट मागच्याच्या हाती द्यावी आणि रांगेच्या शेवटी जावे. रॅकेट फेकावयाची नाही, मूठ पुढे करून द्यावयाची. फूल उंच मारले तरच पुढच्यास सवड मिळते, हे मुलांस दोन फेऱ्यांत आपोआप उमगते. जोरकस फटका मारणारा मुलगा येथे उपयोगाचा नाही! कोणीही बाद होत नाही. दोन्ही रांगांनी मिळून न पाडता किती फटके झाले ते मोठ्याने मोजावे व कालचा आकडा ओलांडावयाचा प्रयत्न करावा. हे दोन संघांतील युद्ध नव्हे, म्हणून कच्च्या मुलावर कोणी चिडत नाही. उलट त्याला जमावे अशी सर्वांचीच इच्छा असते.

उरलेल्या मुलांसाठी गावच्या सुताराकडून पातळ फळीच्या बॅटी करून घ्याव्यात. पुढचा भाग वहीच्या पानाएवढा असावा आणि कडा घासून गुळगुळीत केलेल्या असाव्यात. सहा-सात जणांनी वर्तुळ करावे, ज्याचे नाव पुकारावे त्यानेच फूल मारावे. नवीन दाखल झालेल्या मुलांची नावेही या खेळाने लवकर पाठ होतात. मोठ्या वर्गांसाठी दोरीवर जुनी चादर टाकावी. पलीकडचा गडी दिसत नाही, फूल अकस्मात वर उगवते आणि एकच हशा पिकतो.

फुलाचे वजन जेमतेम पाच ग्रॅम. वारा सुटला की ते कोणाचेच ऐकत नाही. म्हणून हा खेळ शक्यतो सकाळी, इमारतीच्या आडोशाला घ्यावा. वारा फारच असल्यास लोकरीचा चेंडू घ्यावा. तंजावरकडे रूढ झालेल्या बॉल बॅडमिंटनमध्ये असाच चेंडू असतो व एका बाजूस पाच गडी खेळतात. फळीच्या बॅटीवर तो चांगला चालतो.

दोरी तिसरी-चौथीसाठी साडेचार फुटांवर बांधावी व ती दिसावी म्हणून तिला रंगीत चिंध्या लावाव्यात. दोन मुलांत हात व बॅट मिळून होईल त्याच्या दुप्पट अंतर ठेवावे. फूल आणण्याचे काम आळीपाळीने सर्वांस द्यावे. ते कौलांवर अडकल्यास मुलांस वर चढू देऊ नये, लांब काठीने काढावे.