मागून मोजायचे दिवस

जुन्नर-आंबेगावात दुधाचा धंदा असलेल्या घरातलं भिंतीवरचं कॅलेंडर नीट वाचावं. चौकटीचौकटींत सकाळ-संध्याकाळचे लिटर, कुठे 'पेंड आणली', मध्येच लाल पेनाने 'तांबडी भरली'. तिथून एकविसाव्या दिवसाला आधीच गोल. गाय उलटली तर त्या सुमारास पुन्हा माजावर येणार, म्हणून. आणि याच कॅलेंडरवर महिन्यातून एकदा पेन्सिलीचा एक बारीक ठिपका असतो, शेजारी काही न लिहिलेला. तो सुनेचा. लग्नाला तीन वर्षं झालेली असतात, आणि ठिपका पडला की नाही हे सासूही गुपचूप बघून जाते.

गाईचं गणित घरातल्या शेंबड्या पोरालाही येतं. काचेसारखा सोट गळायला लागला, हंबरणं वाढलं, सकाळी माज दिसला की संध्याकाळी डॉक्टर बोलवायचा. बाईच्या शरीराबद्दल मात्र त्याच घरात एकच वाक्य फिरत असतं: 'पाळीच्या चौदाव्या दिवशी.' बाईची गाईशी तुलना केली म्हणून कुणी रागावेल, पण गोठ्यात जे मोकळेपणाने बोललं जातं ते माजघरात बोललं जात नाही, एवढंच मला दाखवायचंय.

चौदावा दिवस खरा, पण अठ्ठावीस दिवसांनी पाळी येणाऱ्या बाईसाठी. पाळीचे दोन भाग असतात. अंडं तयार होईपर्यंतचा पहिला भाग कमी-जास्त होतो. आजारपण, वजन, ताण, थायरॉइड, पीसीओएस, सगळ्याचा परिणाम त्याच्यावर. अंडं फुटल्यापासून पुढच्या पाळीपर्यंतचा दुसरा भाग मात्र बहुतेकींत बारा ते चौदा दिवसांचा, फारसा न हलणारा. म्हणून दिवस मोजायचे ते पुढच्या पाळीपासून मागे. जिची पाळी पस्तीस दिवसांनी येते, तिचं अंडं एकविसाव्या दिवसाच्या आसपास फुटतं. ती चौदाव्या दिवसाचा हिशेब धरून बसली तर दर महिन्याला आठवडाभर आधीच थांबते.

हे मागून मोजणं जपानच्या क्युसाकु ओगिनो या डॉक्टरने १९२४ मध्ये मांडलं. पुढे जगाने त्याचा वापर मूल नको असणाऱ्यांसाठी केला. त्याआधीचा आपला हिशेब पुढून होता. मनुस्मृतीत पाळीच्या पहिल्या दिवसापासून सोळा रात्रींचा ऋतुकाल सांगितलाय, आणि सम रात्री मुलगा, विषम रात्री मुलगी असंही. दुसरी गोष्ट साफ खोटी आहे, मुलगा की मुलगी हे पुरुषाच्या बीजावर ठरतं. पहिल्या हिशेबात पस्तीस दिवसांची पाळी असलेल्या बाईचे नेमके दिवसच बाहेर राहतात.

अडचण अशी, की पुढची पाळी कधी येणार हे आधी कुणाला कळतं? मोबाइलमधलं ॲप मागच्या महिन्यांवरून अंदाज बांधतं. पाळी अनियमित असेल तर तो अंदाजच राहतो. पहाटे अंथरुणातून उठायच्या आधी ताप बघायची रीत आहे. अंडं फुटल्यावर अंगाचं तापमान अर्ध्या अंशाच्या आत-बाहेर चढतं आणि पाळीपर्यंत तसंच राहतं. पण ते चढलेलं दिसतं तोवर संधी जवळजवळ गेलेली असते. शिवाय जिला पाचला धार काढायला उठायचंय आणि मध्यरात्री मोटारीला लाईट आली म्हणून नवऱ्याबरोबर जागायचंय, तिच्या थर्मामीटरवर भरवसा काय ठेवणार? त्यापेक्षा अंगावरून जाणारं पाणी जास्त इमानदार. ते कच्च्या अंड्यातल्या पांढऱ्या भागासारखं पारदर्शक, बोटांत ताणलं तर तुटणार नाही असं झालं की दिवस जवळ आले. मेडिकलमध्ये मिळणारी लघवीची पट्टी त्याहून नेमकी. ती गडद झाली की साधारण दीड दिवसाच्या आत अंडं फुटतं. पीसीओएस असलेल्या बाईला मात्र ही पट्टी फसवू शकते.

अंडं फुटल्यावर जगतं जेमतेम एक दिवस. पुरुषाचं बीज मात्र बाईच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत तग धरतं. म्हणून उपयोगाचे दिवस सहा: अंडं फुटण्याआधीचे पाच आणि तो एक. या भागाला हे विशेष सांगायला हवं, कारण इथला नवरा पुष्कळदा मुंबईत किंवा चाकणच्या कंपनीत असतो आणि शनिवारी रात्री नारायणगावच्या नाहीतर मंचरच्या स्टँडवर उतरतो. अंडं मंगळवारी फुटणार असेल तर शनिवार-रविवार वाया गेला असं समजायचं कारण नाही. शुक्रवारी फुटलं असेल तर मात्र तो महिना गेला. आणि जे दोघं एका घरात राहतात, त्यांनी तारखांच्या मागे लागण्यापेक्षा दर दोन-तीन दिवसांनी जवळ आलं तरी पुरतं. घड्याळ लावून केलेल्या संसाराने माणसं एकमेकांवर वैतागतात, हे डॉक्टरही सांगतात.

एक वर्ष असं जाऊन दिवस राहिले नाहीत, किंवा बाई पस्तिशीच्या पुढची असून सहा महिने झाले, तर डॉक्टरकडे जायचं. पाळी दोन-दोन महिने येत नसेल तर वाटही बघू नये. तिथे फॉलिक्युलर सुरू होतं. बायका त्याला 'अंडं बघायची सोनोग्राफी' म्हणतात. नवव्या-दहाव्या दिवसापासून एक-दोन दिवसांआड मशीन लावून अंड्याचा फुगा किती मिलिमीटर झाला ते पाहतात. अठरा-वीसच्या पुढे गेला की फुटायच्या बेतात. मंचरमधल्या बाईला हे एका तासाचं काम. आहुप्याकडून, भीमाशंकरच्या डोंगरातून येणाऱ्या बाईला प्रत्येक खेपेला अख्खा दिवस आणि एका दिवसाची मजुरी. हिरडा गोळा करायच्या दिवसांत तर ती येतच नाही. मग कागदावर शेरा पडतो, 'पेशंट आली नाही'.

या सगळ्या खेपांत नवरा कुठे असतो? गाय दोन-तीनदा उलटली की शेतकरी डॉक्टरला म्हणतो, 'अहो, कांडी बदलून बघा.' वळूवर संशय घ्यायला त्याला लाज वाटत नाही. मूल न होणाऱ्या जोडप्यांत निम्म्या ठिकाणी पुरुषाच्या बाजूने काहीतरी कमी असतं, कधी एकट्याच्या, कधी दोघांच्या. त्याची तपासणी सगळ्यांत स्वस्त, सुई न टोचणारी: दोन ते सात दिवस संबंध टाळून एक नमुना द्यायचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेत एका मिलिलिटरमध्ये १ कोटी ६० लाख ही खालची मर्यादा धरलीय. एक रिपोर्ट कमी आला तर काही आठवड्यांनी पुन्हा करतात, कारण नवं बीज तयार व्हायला अडीच महिने लागतात आणि मधल्या तापाचाही परिणाम दिसतो. तरी फाइल उघडली की आधी बाईची ट्यूब टेस्ट, बाईच्या गोळ्या, बाईचे उपास. नवऱ्याचा रिपोर्ट शेवटच्या पानावर, बऱ्याचदा तोही नाही.

लेण्याद्रीच्या तीनशेच्या आसपास पायऱ्या चढून जोडपी गिरिजात्मजाला जातात. पुत्रासाठी गिरिजेने इथे बारा वर्षं तप केलं अशी कथा आहे, त्यामुळे नवस बोलायला ही जागा लोकांना आपली वाटते. जावं, जरूर जावं. येताना खाली जुन्नरात एखाद्या लॅबमध्ये थांबायलाही हरकत नाही; पायऱ्या दोघं चढलेलेच असतात, नमुना एकट्या नवऱ्याचा लागतो.