कोंडेश्वरला जा, पण पाणी ओळखून



भाताची आवणी उरकली की चार दिवस उसंत मिळते. त्यातच मुंबई-उल्हासनगरचे पाहुणे येतात आणि बदलापूरजवळच्या कोंडेश्वर धबधब्याचा बेत ठरतो. अवश्य जावे. बदलापूर पूर्वेकडून रिक्षाने साताठ किलोमीटर गेले की भोज धरणाच्या बाजूला, डोंगराच्या कुशीत महादेवाचे देऊळ लागते. देवळालगत पाणी कोसळते आणि भोवतालचे रान पाहून डोळे निवतात.

मात्र एक ध्यानात ठेवावे. कोकणात खोल डोहाला कोंड म्हणतात. कोंडेश्वरच्या डोहात बुडून अनेक तरुण प्राणांस मुकले आहेत. पोहता येते म्हणून उडी मारू नये. पाणी पडते तेथे फेसात हवा मिसळलेली असते. असे पाणी अंगाला नीट तोलून धरीत नाही. तळाला कपारी असतात, त्या वरून दिसत नाहीत.

दुसरे, आपल्या डोंगरांत वर काळा पाषाण आणि त्यावर मातीचा पातळ थर. श्रावणापर्यंत ती माती पिऊन तृप्त झालेली असते. मग माथ्यावर पडलेली सर थेट ओढ्यात उतरते. खाली ऊन असले तरी लोंढा येतो. 27 जुलै 2019 रोजी उल्हास नदीच्या पुराने बदलापूर-वांगणी दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली होती. हजारावर प्रवाशांना बाहेर काढावे लागले. मग ओढ्याची काय कथा!

बांध फुटण्याआधी पाणी कसे बोलते, हे आपणांस ठाऊक आहे. तीच नजर येथे ठेवा. पाणी गढूळ झाले, पाने-काटक्या वाहू लागल्या, आवाज वाढला, की मुलाबाळांसह तत्काळ उंचावर या. पलीकडे अडकलात तर ओढा ओलांडू नका, पाणी ओसरू द्या.

सोबत लांब दोर व झाकण घट्ट बसणारा रिकामा प्लॅस्टिकचा डबा ठेवा. कोणी पडल्यास डबा दोराला बांधून फेका, मागे उडी घेऊ नका. मदतीसाठी 112 क्रमांक लावा.

पावसाळ्यात येथे वेळोवेळी मनाई हुकूम लागतो. निघण्यापूर्वी चौकशी करा. हुकूम असेल तर पाहुण्यांना अंबरनाथचे पुरातन शिवमंदिर दाखवा. धबधबा पुढच्या खेपेला पाहता येईल. शहरच्या पाहुण्याला पाण्याची ही भाषा कळत नाही. ती सांगण्याची जबाबदारी यजमानाची, म्हणजे आपली आहे.