मर्फी : नाव उरले, संस्थापक विस्मरणात

नांदेड-लातूरच्या जुन्या पिढीला ‘मर्फी’ म्हटले की जाहिरातीतील ओठांवर बोट ठेवलेले बाळ आठवते. ज्यांचे ते नाव, ते फ्रँक मर्फी मात्र विस्मरणात गेले. या इंग्रज अभियंत्याने १९२९ मध्ये ई. जे. पॉवर यांच्यासह वेल्विन गार्डन सिटी येथे रेडिओ कंपनी स्थापन केली. वापरण्यास सोपा संच व निवडक विक्रेते या धोरणामुळे ती झपाट्याने वाढली. मात्र मतभेद होऊन १९३७ मध्ये संस्थापकच बाहेर पडले. नाव कंपनीकडे राहिले. पुढे फर्निचरचा व्यवसायही टिकला नाही. १९५५ मध्ये कॅनडात त्यांचे निधन झाले. ठाण्याच्या कारखान्यातील मर्फी संच भारतात घरोघरी पोहोचले; दूरचित्रवाणीच्या लाटेत तेही मागे पडले.