गावचे ग्रंथालय आणि गावचे सांस्कृतिक जीवन

सार्वजनिक ग्रंथालयात व्याख्यान होते, कविसंमेलन होते, मुलांची वक्तृत्वस्पर्धा होते, एखाद्या दिवंगत साहित्यिकाची जयंती साजरी होते. आणि मग आपण म्हणतो की, अमुक ग्रंथालय हे त्या गावाचे सांस्कृतिक केंद्र आहे. हे म्हणणे खोटे नाही. परंतु ज्या सभागृहात कार्यक्रम झाला, त्याच्याच भिंतीला लागून असलेले पुस्तकांचे कपाट त्या दिवशी उघडले गेले की नाही, हे सहसा कोणी विचारीत नाही. प्रस्तुत लेखात हाच प्रश्न शिक्षकबंधुभगिनींपुढे ठेवावयाचा आहे. आपल्या जिल्ह्यातील प्राथमिक शिक्षकाचा ग्रंथालयाशी जो संबंध येतो तो पुष्कळदा कार्यक्रमाच्या निमित्ताने येतो, आणि कार्यक्रम संपला की तोही संपतो.

कोकणात ग्रंथालयांची परंपरा जुनी आहे. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ साली स्थापन झाले. महाराष्ट्रातील सर्वांत जुन्या सार्वजनिक ग्रंथालयांत त्याची गणना होते. पुण्याच्या ग्रंथालयाची स्थापना त्यानंतर वीस वर्षांनी, १८४८ साली झाली. सावंतवाडीचे श्रीराम वाचन मंदिर आपला आरंभ १८५२ पासून सांगते. वेंगुर्ल्याचे नगर वाचनालयही एकोणिसाव्या शतकातीलच. मालवणचे नगर वाचन मंदिर याच मालिकेतील होय. सिंधुदुर्ग जिल्हा रत्नागिरीपासून वेगळा झाला तो १ मे १९८१ रोजी. म्हणजे आपल्या जिल्ह्याहून आपली ग्रंथालये वयाने कितीतरी वडील आहेत. वर्तमानपत्र विकत घेणे ज्या काळी मोजक्या घरांनाच परवडत असे, त्या काळी चार लोकांनी वर्गणी काढून एक अंक मागवावा, एकाने तो मोठ्याने वाचावा आणि इतरांनी ऐकावा, हीच वाचनालयाची मूळ कल्पना होती. तेव्हा ग्रंथालयात माणसे जमणे ही आजची नवी टूम नव्हे. आधी माणसे जमत होती. कपाटे मागाहून भरली.

या पुस्तकसंस्कृतीचा एक आद्य पुरुष आपल्याच जिल्ह्यातील आहे, ही गोष्ट मुलांना अवश्य सांगावी. देवगड तालुक्यातील पोंभुर्ले हे बाळशास्त्री जांभेकरांचे जन्मगाव. त्यांनी ६ जानेवारी १८३२ रोजी ‘दर्पण’ सुरू केले, १८४० साली ‘दिग्दर्शन’ हे मासिक काढले आणि १८४५ साली ज्ञानेश्वरी शिळाछापावर छापून प्रसिद्ध केली. शाळांच्या तपासणीचे आणि अध्यापकवर्ग चालविण्याचेही काम त्यांनी केले. त्या अर्थाने ते आपल्या व्यवसायाचेही पूर्वज आहेत. शासनाने सातारा जिल्ह्यातील भिलार येथे २०१७ साली पुस्तकांचे गाव वसविले, आणि पुढे त्या योजनेचा विस्तार करताना पोंभुर्ल्याची निवड केली. वेंगुर्ल्याजवळील उभादांडा येथे २०२५ साली कवितांचे गाव उभे राहिले, ते मंगेश पाडगावकरांच्या स्मरणार्थ. या योजना स्तुत्य आहेत. पाहुण्यांनी येऊन पुस्तके पाहणे आणि गावच्या मुलाने पुस्तक घरी नेणे यांत मात्र अंतर आहे, आणि शिक्षकाला काम करावयाचे आहे ते दुसऱ्या बाबतीत.

कार्यक्रम आणि पुस्तक यांची सांगड कशी घालावी, याचा एक धडा बडोदे संस्थानात शंभर वर्षांपूर्वीच घातला गेला. सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेहून बोर्डन नावाच्या ग्रंथपालास बोलावून संस्थानात ग्रंथालय खाते उघडले. गावचे ग्रंथालय उभारताना खर्चाचा एक वाटा गावकऱ्यांनी, एक पंचायतीने आणि एक सरकारने उचलावा, अशी व्यवस्था होती. ज्या गावी ग्रंथालय नव्हते तेथे पंधरा ते तीस पुस्तकांच्या लाकडी पेट्या फिरत असत, आणि त्यांच्या वाहतुकीचा खर्च संस्थान सोसत असे. याच खात्याची एक शाखा गावोगाव चित्रे व चलच्चित्रपट दाखवीत हिंडत असे. ही शाखा करमणूक खात्याकडे न देता ग्रंथालय खात्याकडे ठेवली होती, यात त्या योजनेचे सारे मर्म आहे. ज्याला अक्षर येत नाही त्याला आधी चित्र दाखवावयाचे, आणि चित्र पाहून ज्याच्या मनात प्रश्न उठेल त्याच्यासाठी पुस्तके तयार ठेवावयाची. स्वातंत्र्यानंतर युनेस्कोच्या साहाय्याने १९५१ साली उघडलेल्या दिल्ली सार्वजनिक ग्रंथालयानेही हाच मार्ग धरला. तेथे चर्चामंडळे चालत, नाटके होत, चित्रपट दाखविले जात. ते सारे ग्रंथालयाच्या समाजशिक्षण विभागाचे काम म्हणून.

महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ साली झाला. त्यान्वये ग्रंथालयांना मान्यता, वर्ग आणि अनुदान मिळू लागले व खेड्यापाड्यांतून हजारो ग्रंथालये उभी राहिली. अनुदानाच्या तपशिलात येथे शिरण्याचे कारण नाही. अनुदान थोडे, ग्रंथपालाचे मानधन त्याहून थोडे, हे सर्वांना ठाऊक आहे. अशा स्थितीत वर्षाकाठी चार कार्यक्रम घडवून आणणाऱ्या कार्यकर्त्यांना नावे ठेवणे अन्यायाचे होईल.

आता आपल्या किनाऱ्याकडे वळू. ग्रंथालयाने कार्यक्रम केव्हा करावेत, हे येथे पंचांग आणि समुद्र ठरवितात. कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की पावसाळ्याच्या तोंडापर्यंत रात्रीवर दशावताराचा हक्क असतो. त्या दिवसांत रात्री व्याख्यान ठेवणाऱ्याने श्रोत्यांची वाट पाहू नये. गणेशचतुर्थीला आणि मे महिन्यात मुंबईचे चाकरमानी घरी येतात. तेव्हा गाव भरलेले असते, पण घरेही कामाने भरलेली असतात. उरतो तो पावसाळा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. होड्या वर ओढलेल्या असतात, जाळी शिवणे-सांधणे चालू असते, आणि एरवी समुद्रावर असणारे बाप आणि काका घरी असतात. शेतकरी कुटुंबांत याच दिवसांत लावणीची घाई असते हे खरे. परंतु दर्यावर्दी वस्तीत वाचनाला आणि ऐकण्याला याहून चांगले दिवस नाहीत. आपल्याकडील पुष्कळशी वार्षिक कार्यक्रमपत्रके मात्र शहरांतील पत्रके पाहून आखलेली दिसतात, आणि पावसाळा कोरा सोडतात.

दशावताराचा उल्लेख केला तो स्पर्धक म्हणून नव्हे. ग्रंथालयाला त्याच्याइतका जवळचा सोयरा दुसरा नाही. दशावतारी नाटकाला पारंपरिक रीतीने लिखित संहिता नसते. आख्यान ठरते, कोणी कोणते सोंग घ्यावयाचे ते ठरते, आणि संवाद नट उभ्या उभ्या रचतो. ही वाणी येते कोठून? पुराणकथांच्या श्रवणातून आणि वाचनातून. श्रीधरस्वामींचे ‘हरिविजय’ (१७०२), ‘रामविजय’ (१७०३) आणि ‘पांडवप्रताप’ (१७१२) हे ग्रंथ कोकणात घरोघर वाचले जात. रात्रभर राजाच्या तोंडून वाहणारी भारदस्त मराठी अशा पोथ्यांच्या वळणावर घडलेली आहे. पूर्वरंगात येणारा संकासुर तर मुलांचा विशेष आवडता. काळ्या वेषातला हा विनोदी राक्षस ब्रह्मदेवाचे वेद पळवितो आणि विष्णू ते परत मिळवितो. म्हणजे रात्रीच्या पहिल्या प्रहरीच एका ग्रंथचोराची गोष्ट रंगभूमीवर घडते! जत्रेच्या दुसऱ्या दिवशी वर्गात मुले संकासुराची नक्कल करीत असतील, तर त्यांना गप्प न करता शिक्षकाने विचारावे की, काल कोणते आख्यान लागले होते? आणि त्या आख्यानाची कथा मुलांना वाचता येईल अशा पुस्तकात ग्रंथालयातून आणून ठेवावी.

येथेच भाषेचा प्रश्न निघतो. आपल्या बहुतेक मुलांची घरची बोली मालवणी आहे आणि पुस्तकाची भाषा प्रमाण मराठी. पहिलीत येणाऱ्या मुलाला ही दरी किती रुंद वाटते, हे पहिलीला शिकविणारा शिक्षकच जाणतो. दशावतारात राजा प्रमाण भाषेत बोलतो आणि संकासुर मालवणीत. प्रेक्षक दोघांनाही समजून घेतो व दोघांनाही दाद देतो. मालवणी म्हणजे अशुद्ध मराठी, हा समज गंगाराम गवाणकरांच्या ‘वस्त्रहरण’ने १९८० पासून रंगभूमीवर पुष्कळसा दूर केला, वर्गातून तो अद्याप पुरता गेलेला नाही. ग्रंथालयाच्या व्यासपीठावर आजीने मालवणीत गोष्ट सांगावी आणि तिच्याच नातवाने त्यानंतर एखादी छापील गोष्ट वाचून दाखवावी. अशा एका दुपारीने जे साधते ते शुद्धलेखनाच्या दहा पाठांनी साधणार नाही. खर्च म्हणाल तर चहाचा.

परंतु कार्यक्रमांचे खरे महत्त्व आज आणखी एका कारणाने वाढले आहे. आपल्या वाड्यावस्त्यांवरील अनेक शाळांचा पट विसाच्या आत आला आहे. आठ मुलांच्या शाळेत समूहगीत कसे बसवावे, वक्तृत्वस्पर्धेत कोणी कोणाशी स्पर्धा करावी? त्या मुलांना आपल्या वयाची दुसरी मुले भेटण्याची जागा हवी. शिक्षणहक्क कायद्याने (२००९) प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे असे सांगितले आहे आणि कपाटभर पुस्तके बहुतेक शाळांत आहेतही. पण कपाटाभोवती गर्दी करण्यासाठी मुलेच नाहीत. जवळच्या गावातील सार्वजनिक ग्रंथालय ही अशा चार-पाच शाळांची समाईक ओसरी होऊ शकते. ते कोणा एका वाडीचे नाही, कोणा एका देवस्थानाचे नाही, आणि तेथे जाण्यासाठी निमंत्रणाची वाट पाहावी लागत नाही. १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन किंवा २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन प्रत्येक शाळेने वेगवेगळा साजरा करून छायाचित्रे पाठविण्यापेक्षा केंद्रातील शाळांनी मिळून तो ग्रंथालयात साजरा करावा.

असा दिवस आखताना एक पथ्य पाळावे. भाषणे दोनच असावीत, आणि त्यांतले एक मुलाचे असावे. ज्यांची जयंती असेल त्यांची पुस्तके आधल्या दिवशीच कपाटातून काढून खालच्या मेजावर, मुलांच्या हाताला लागतील अशी मांडावीत. विंदा करंदीकर देवगड तालुक्यातले. त्यांचा गौरव करावयाचा तर तसबिरीला हार घालण्याआधी ‘राणीची बाग’ हा १९६१ सालचा बालकवितासंग्रह मुलांच्या हाती पडला पाहिजे. वि. स. खांडेकर १९२० पासून १९३८ पर्यंत शिरोड्यास शिक्षक होते, एवढे सांगून थांबू नये. त्यांची एखादी रूपककथा वाचून दाखवावी. आणि सभा संपल्यानंतर निदान अर्धा तास देवघेवीचे मेज उघडे असावे. पुष्कळ ठिकाणी याच वेळी ग्रंथपालाला खुर्च्या आवराव्या लागतात. खुर्च्या आवरणे हे काम मोठ्या मुलांचे आणि आम्हा शिक्षकांचे समजावे.

भेट म्हणून येणाऱ्या पुस्तकांविषयी थोडे स्पष्ट बोलणे अवश्य आहे. मुंबईकर गाववाल्यांचे ग्रंथालयावर प्रेम असते आणि ते गाठोडी भरून पुस्तके पाठवितात. त्यांत जुने दिवाळी अंक आणि मुदत संपलेली परीक्षा-मार्गदर्शके फार असतात. देणाऱ्याचा मान राखून त्यांना सांगावे की, सहा ते दहा वर्षांच्या मुलांसाठी मोठ्या अक्षरांची, चित्रांची पाच नवी पुस्तके पाठविलीत तर गाठोड्यापेक्षा अधिक उपयोग होईल. वाचनालयाचे चिटणीस हे सांगावयास संकोचतात. शिक्षकाने सांगितले तर कोणी राग मानीत नाही.

पुस्तकांची पेटी फिरविण्याची बडोद्याची युक्ती आपल्याकडेही सहज करता येण्याजोगी आहे. ग्रंथालयाने जूनच्या पहिल्या आठवड्यात वीस पुस्तकांची एक पेटी शाळेच्या नावे द्यावी, नोंद शिक्षकाच्या स्वाक्षरीने व्हावी, आणि पुस्तके मुलांबरोबर घरी जावीत. पेटी पत्र्याची असावी. मालवणच्या पावसात लाकूड फुगते आणि कागदाला बुरशी धरते. तळाशी कडुनिंबाचा वाळलेला पाला घालावा. पुस्तक घरी कोणी कोणी वाचले, हे मुलाला तोंडी विचारून वहीत लिहून ठेवावे. बापाने वाचले, आजीने ऐकले, हेही लिहावे. पेटी परत करण्याचा दिवस नारळी पौर्णिमेच्या आधीचा ठरवावा. त्यानंतर पुष्कळशा होड्या पाण्यात जातात, घरात पहाटेपासून धावपळ सुरू होते, आणि फळीवर ठेवलेले पुस्तक थेट चतुर्थीच्या साफसफाईतच हाती लागते.