वाकणारी नळी आणि आगीवरील तुषार

सातारा किंवा सांगली येथील एखाद्या मोठ्या कापडदुकानात अथवा नव्या रुग्णालयात जाण्याचा प्रसंग आल्यास आमच्या विद्यार्थी वाचकांनी क्षणभर मान वर करून छताकडे पाहावे. पांढऱ्या तक्त्यांच्या छतातून धातूचे फुलासारखे एक लहानसे मुख खाली डोकावताना कोठे कोठे दिसेल. त्याच्या पोटात लाल द्रवाने भरलेली काचेची कुपी असते. यासच स्प्रिंकलर म्हणतात. खाली आग लागली म्हणजे तप्त हवा वर चढून छताशी साठते. उष्णता 68 अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचली, की द्रव फुगतो, काच फुटते, पाण्याचा अडसर निघतो आणि पाणी खालच्या चकतीवर आदळून छत्रीप्रमाणे पसरते. ज्या मुखाची कुपी फुटली तेवढेच वाहते. सर्व मुखे एकदम वाहू लागतात हा समज बरोबर नाही. अमेरिकेत हेन्री पार्मली यांनी आपल्या पियानोच्या कारखान्याकरिता 1874 साली असे साधन तयार केले. पुढे त्यात पुष्कळ सुधारणा झाल्या.

या साधनाची योग्यता कळण्यास एकच दुःखद प्रसंग पुरे आहे. 9 जानेवारी 2021 रोजी भंडारा येथील जिल्हा सामान्य रुग्णालयात नवजात अर्भकांच्या कक्षास आग लागली आणि 10 बालके दगावली. ज्यांस उठून पळता येत नाही, त्यांच्याकरिता आपोआप चालणारे साधन किती अगत्याचे आहे, हे निराळे सांगावयास नको.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. खऱ्या छताखाली लोखंडी नळ असतात व त्यांच्याही खाली, तारांनी टांगलेल्या पट्ट्यांवर, फॉल्स सीलिंगचे तक्ते बसवितात. नळापासून तक्त्यापर्यंत ताठ नळी नेमक्या मापाने कापून बसविणे वेळखाऊ काम असे. म्हणून अलीकडे तेथे वाकणारी नळी वापरतात. ही रबराची नसून पोलादाची असते: आत वळ्यावळ्यांची नळी आणि बाहेरून तारांची घट्ट वीण. शेतात रबरी नळीने पाणी देणारा आमचा वाचक येथे लगेच विचारील, "पाणी जोराने सुटताच आमची नळी सापासारखी वळवळते, मग ही छतातील नळी जागेवर कशी राहील?"

शंका अगदी रास्त आहे. न्यूटनचा तिसरा नियम येथेही लागू पडतो. पाणी खाली सुटले, की मुखास वर रेटा बसतो. नेहमीच्या मापाच्या मुखातून 1 बार दाबाने मिनिटास सुमारे 80 लिटर पाणी निघते. नुसत्या सरळ धारेचा उलट रेटा तेव्हा सुमारे दीड किलो वजनाइतका भरतो. दाब 4 बार झाला, तर पाणी 160 लिटर, म्हणजे दुप्पट होते; रेटा मात्र चौपट, सुमारे 6 किलो होतो. पण मुखाखालची चकती पाण्यास आडवे वळविते व त्या वेळी तिच्यावर खालच्या दिशेने दाब पडतो. त्यामुळे वरचा रेटा पुष्कळसा फिटतो. तरीही काच फुटण्याच्या क्षणी नळीतील दाब एकाएकी बदलतो, कोंडलेली हवा फुसफुसत निघते आणि नळीस हिसके बसतात. हा हिसका कोणी तरी सोसला पाहिजे.

तो सोसण्याचे काम नळीचे नव्हे, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात धरावी. ते काम ब्रॅकेटचे आहे. मुखाजवळ नळीचे टोक एका आडव्या पोलादी पट्टीत स्क्रूने आवळतात; त्या पट्टीची दोन्ही टोके छताच्या पट्ट्यांवर पकडींनी घट्ट बसवितात; आणि त्या पट्ट्या तारांनी वरच्या छतास टांगलेल्या असतात. ही साखळी शाबूत असेल, तर पाणी सुटले तरी मुख जागचे हलत नाही. एखादा स्क्रू सैल असेल, तर मुख वर सरकून तक्त्याआड जाण्याचा संभव असतो. मग पाणी तक्त्यांच्या पाठीवर पडते आणि आग खाली सुखेनैव जळत राहते.

मग ताठ नळीच का वापरू नये? याचे उत्तर आमच्या जिल्ह्याच्या इतिहासातच आहे. 11 डिसेंबर 1967 रोजी पहाटे कोयनानगर येथे मोठा भूकंप झाला. त्या भागात लहान धक्के त्यानंतरही बसत आले आहेत. धक्क्याच्या वेळी वरचे नळ एका गतीने हलतात, टांगलेले छत दुसऱ्याच गतीने झुलते. ताठ नळी अशा वेळी तक्ता फाडते किंवा सांध्याशी मोडते. वाकणारी नळी दोघांचीही ओढ सोसते. अर्थात ती ठरलेल्या मर्यादेपलीकडे वाकविता कामा नये, हेही खरे.

यावरून सिद्ध होते, की योग्य रीतीने बसविलेला जोड पाणी सुटताना पक्का राहतो. परंतु तो पक्का आहे की नाही हे वारंवार पाहिले पाहिजे. विजेची तार ओढण्यासाठी कोणी कारागीर तक्ता काढतो, आड येणारे ब्रॅकेट सैल करतो आणि तसेच सोडून जातो. खालून काहीच कळत नाही. महाराष्ट्राच्या 2006 सालच्या अग्निप्रतिबंधक कायद्याने इमारतीच्या मालकावर वर्षातून दोनदा, जानेवारीत व जुलैत, आगनिवारणाची साधने सुस्थितीत असल्याचा दाखला देण्याचे बंधन घातले आहे. तो दाखला देणाऱ्याने एखादा तक्ता उचलून ब्रॅकेट हाताने हलवून पाहावे, एवढीच अपेक्षा.

आमच्या विद्यार्थ्यांनीही दोन गोष्टी पाळाव्यात. स्नेहसंमेलनाच्या पताका वा माळा स्प्रिंकलरला कधीही बांधू नयेत. आणि कोठे एखादे मुख तिरके झालेले किंवा तक्त्यात आत गेलेले दिसल्यास संकोच न धरता तेथील व्यवस्थापकांस सांगावे. पालकांनीही आप्तांस रुग्णालयात ठेवताना एकवार वर पाहावे, अशी आमची विनंती आहे.