लाल शेपटीची विमाने



सुट्टीत मोठ्या मुलांबरोबर कोणता सिनेमा बघावा, हा प्रश्न घरोघरी पडतो. यावेळी तीन युद्धपट सुचवतो. तिन्ही अमेरिकेच्या कृष्णवर्णीय वैमानिकांवर आहेत. आधी थोडी पार्श्वभूमी.

१९२५ साली अमेरिकेच्या आर्मी वॉर कॉलेजने एका अहवालात कृष्णवर्णीयांना बुद्धीने आणि धैर्याने कमी ठरवले होते. १९४१ मध्ये दबावामुळे अलाबामातील टस्कीगी येथे त्यांच्यासाठी वेगळे विमानप्रशिक्षण सुरू झाले. पहिल्या तुकडीतील १३ पैकी ५ जण मार्च १९४२ मध्ये वैमानिक झाले. १९४६ पर्यंत ही संख्या ९९२ वर गेली. त्यांचे कमांडर बेंजामिन डेव्हिस ज्युनियर. वेस्ट पॉइंटला चार वर्षे सहाध्यायी त्यांच्याशी कामापुरतेच बोलत. तरीही ते १९३६ साली पदवी घेऊन बाहेर पडले.

आता चित्रपट.

१) द टस्कीगी एअरमेन (१९९५): एचबीओचा चित्रपट. लॉरेन्स फिशबर्न मुख्य भूमिकेत. प्रशिक्षणाचा भाग उत्तम. वर्णभेद समजून घ्यायला हाच आधी बघावा.

२) रेड टेल्स (२०१२): निर्माते जॉर्ज ल्यूकस. इटलीतून बाँबर विमानांना संरक्षण देणाऱ्या ३३२व्या फायटर ग्रुपची कथा. त्यांच्या विमानांच्या शेपट्या लाल रंगवलेल्या असत, त्यावरून हे नाव. हवाई लढाया झकास, संवाद थोडे बाळबोध.

३) डिव्होशन (२०२२): कोरियन युद्धातील जेसी ब्राऊन यांची कथा. ४ डिसेंबर १९५० रोजी त्यांचे विमान बर्फात कोसळले. त्यांना वाचवायला गोरे सहकारी टॉम हडनर यांनी स्वतःचे विमान मुद्दाम तिथेच उतरवले. ब्राऊन वाचले नाहीत, पण हे दृश्य विसरता येत नाही.

एक गोष्ट मुलांना जरूर सांगा. या वैमानिकांनी एकही बाँबर गमावला नाही, असे अनेक वर्षे सांगितले जाई. हवाई दलाच्या इतिहासकारांनी नोंदी तपासल्या, तेव्हा ३३२व्या ग्रुपच्या संरक्षणात असलेले किमान २७ बाँबर शत्रूच्या विमानांनी पाडल्याचे दिसले. त्याच पंधराव्या एअर फोर्समधील इतर ग्रुपची सरासरी होती ४६! म्हणजे खरा आकडाही अभिमानाचाच. मग शून्याची दंतकथा का लागली? ज्यांना आधीच नालायक ठरवले आहे, त्यांनी नुसते चांगले असून भागत नाही, त्यांच्याकडून निर्दोष कामगिरीची अपेक्षा असते. परदेशात नोकरी करणाऱ्या आपल्यापैकी अनेकांना हे थोडेफार ओळखीचे वाटेल. त्यांना मात्र ते जीव धोक्यात घालून सोसावे लागले.

आणि लढाई फक्त आकाशात नव्हती. एप्रिल १९४५ मध्ये इंडियानातील फ्रीमन फील्ड येथे अधिकाऱ्यांचे क्लब वेगळे ठेवणाऱ्या आदेशावर सही करायला नकार दिला, म्हणून १०१ कृष्णवर्णीय अधिकाऱ्यांना अटक झाली. १९४८ साली अध्यक्ष ट्रुमन यांनी सैन्यातील वर्णभेद संपवण्याचा आदेश काढला. पुढच्या नागरी हक्क चळवळीने जे वातावरण तयार केले, त्यातूनच १९६५ चा इमिग्रेशन कायदा आला आणि भारतीयांना अमेरिकेचे दार खऱ्या अर्थाने उघडले.

आपल्या घरात कृष्णवर्णीय लोकांबद्दल कधीकधी सहज जे बोलले जाते, ते मुले ऐकत असतात. सिनेमा संपल्यावर त्यावरही दहा मिनिटे बोलूया.